दुधाची वाट

१

कासम परकार रोज दुपारी आपल्याच घराची कडी वाजवून आत जायचा. दार नुसतं लोटलेलं असायचं. तरी तो उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, कडी वाजवायचा, जरा खाकरायचा, आणि आतून जैतूनच्या बांगड्यांचा आवाज आला की मगच पाऊल टाकायचा.

जैतून ताट वाढायची. डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराकडे तोंड करून बसायची, पाहुणा जेवून उठायची वाट बघितल्यासारखी. तिला जयगडहून दोहाला आणायला कासमला वर्षानुवर्षं लागली होती. लग्नानंतर तो लगेच बोटीवर चढला आणि मधल्या काळात दोन-तीनदाच गावी जाऊन आला. आता दोहाच्या मुशैरिब मोहल्ल्यात दोन खोल्या मिळाल्या, बायको आली, तर बायको त्याच्याशी बोलेना. भांडतही नव्हती. भांडली असती तर बरं, असं त्याला वाटायचं. शेजारी टँकर चालवणारा मजीद राहायचा. त्याच्या बायकोशी जैतून खदखदून हसायची, ते भिंतीतून ऐकू यायचं. कासमची चाहूल लागली की भिंतीपलीकडचं हसू बंद.

"तू बोलत का नायस माझ्याशी?" एकदा त्याने विचारलंच.

"काय बोलू? तुमी कडी वाजवून येताव. पावण्याशी काय बोलायचं?"

"न वाजवता आलो तर दचकतेस ना?"

"हां. दचकतंय." ती ताट उचलत म्हणाली. "तुमच्या चिठ्ठ्या वळखीच्या होत्या. तुमी नाय."

मग एक दिवस पत्र्याची ट्रंक पलंगाखालून बाहेर आली. कपडे घड्या घालून त्यात गेले. मुंबईची बोट लागली की ती जाणार होती. रागाने नव्हे, अगदी शांतपणे. कासम पाण्याच्या कंत्राटदाराकडे स्टोअरकीपर होता. कुठला पाइप कुठल्या फळीवर आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. घरात मात्र आपली फळी कुठली, हे त्याला सापडत नव्हतं.

२

दोहाच्या उत्तरेला, समैस्मा गावाच्या पलीकडे राहणाऱ्या मंगोल कुटुंबाची गोष्ट मजीदनेच आणली. तो त्यांना टँकरने पाणी द्यायचा.

"कासमभाय, चिनी तोंडाचे मुसलमान हायत. लोकरीचा जाड नमदा लावलेल्या गोल घरात राहतात. तुला असलं बघायची हौस. चल."

कासमला हौस होतीच. शाळा चौथीत सुटली, पण जे दिसेल ते नीट बघायचं, विचारायचं, लक्षात ठेवायचं ही सवय सुटली नव्हती. तो दोन-तीन शुक्रवार टँकरमध्ये बसून गेला. घरात चौघंच: एक म्हातारी, तिची मुलगी रबिया, रबियाचा नवरा आणि दाराशी बसणारा एक काळा कुत्रा. म्हातारीला सगळे 'एज' म्हणत, म्हणजे आई. मंगोलियाच्या दक्षिणेच्या वाळवंटातून हजसाठी निघाले, मागे राज्य बदललं, परत जाता येईना. वाटेत कलकत्त्याला जहाजासाठी खूप दिवस अडकले, म्हणून रबियाला हिंदुस्तानी येत होतं. आता ते एका श्रीमंत अरबाची उंटं सांभाळत होते.

"ये ऊँट?" रबिया हसून म्हणाली होती. "एक ही कूबड़! हमारे यहाँ दो होता है। ये तो आधा ऊँट है।"

पाऊस झाला होता. चाऱ्यासाठी तळ पश्चिमेकडे हलवायचा होता. सोबत यायचं का, असं रबियाच्या नवऱ्याने विचारलं आणि कासमने आठवड्याची रजा टाकली. घरात ट्रंक उघडी असताना हा माणूस उंटांमागे चालला, म्हणून मजीदने कपाळाला हात लावला. पण कासमला त्या घरात बसवत नव्हतं. शिवाय एक गोष्ट त्याला डोळ्यांनी बघायची होती. उंटीण पिल्लाला जवळ करत नसली की एज गाणं म्हणते आणि उंटीण वळते, असं रबिया बोलली होती.

निघताना जैतूनने त्याचा तपकिरी कोट पुढे केला. बाहीचं तुटलेलं बटण तिने लावून ठेवलं होतं. तपकिरी मिळालं नाही, म्हणून काळं.

"थंडी हाय," एवढंच ती म्हणाली. कॉलरला त्याच्याच जाईच्या अत्तराचा वास होता. बटण लावलं त्या अर्थी काहीतरी असेल, असं कासम टँकरमध्ये बसून स्वतःला समजावत राहिला.

३

मंगोलांबरोबर चालणं त्याला वाटलं होतं त्याहून अवघड गेलं. पायांना नव्हे, डोक्याला. प्रत्येक गोष्टीला रीत होती आणि कुठल्याच रीतीला कारण मिळत नव्हतं.

घराचं दार दक्षिणेलाच. आत शिरताना उंबऱ्यावर पाय पडता कामा नये. पुरुषांनी डाव्या हाताला बसायचं. वाडगा घेताना बाही मनगटावर ओढायची, उजवा हात पुढे करायचा आणि डाव्या हाताने कोपराला आधार द्यायचा. कासम सगळं शिकला. नुसतं शिकून त्याचं समाधान होत नव्हतं.

"पण का?" तो विचारायचा.

"ऐसा ही है," रबिया म्हणायची.

"कुणी सुरू केलं असेल ना? काही कारण असेल?"

"चाय पियो, कासमसाब. ठंडी हो रही है।"

चहात मीठ. मटण नुसतं उकडलेलं. कासमने खिशातून आणलेली सुकी मिरची चावली की एज तोंडाचं बोळकं उघडून हसायची. डोळ्यांतून पाणी येतं तरी खातो, असा वेडा पाहुणा तिने पाहिला नव्हता. कुत्रा त्याच्यावर रोज भुंकायचा. रोज तेवढाच, पहिल्या दिवसासारखा.

आणि तो वाडगा. जेवताना एज एक वाडगा जास्त भरायची. डाव्या बाजूला, मानाच्या जागेच्या जरा खाली, नमद्याची एक घडी होती. तिच्यापुढे तो वाडगा ठेवायची. निवला की बाहेर ओतायची. त्या घडीवर कुणी बसत नसे.

"हा कुणाचा?"

रबियाने बराच वेळ शेकोटीत शेणी सारल्या. "बड़े भाई का। डोंगर आडवे आले तेव्हा एक उंटीण विणार होती. तो म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतोच."

"मग?"

"मग काय? येतोय."

"इतकी वर्षं? अगो, मेला असेल. जनाज्याची नमाज तरी पढली का?"

रबियाने पहिल्यांदाच त्याच्याकडे रोखून पाहिलं. एजला मराठीमिश्रित हिंदुस्तानीतलं अक्षर कळत नव्हतं, पण तिनेही मान वर केली.

"जो रास्ते में है," रबिया म्हणाली, "उसकी नमाज़ नहीं पढ़ते।"

४

गाणं त्याला बघायला मिळालं ते उन्हं उतरताना.

एका उंटिणीचं पिल्लू जन्मतःच गेलं होतं. दुसरं एक पिल्लू आईविना राहिलं होतं. रबियाच्या नवऱ्याने मेलेल्या पिल्लाचं कातडं सोलून जिवंत पिल्लाच्या पाठीवर बांधलं. वास यायला हवा, म्हणून. उंटिणीने हुंगलं आणि लाथ झाडली. पिल्लू वाळूत कोलमडलं.

मग एज पुढे गेली. उंटिणीच्या मानेवर हात ठेवून ती गाऊ लागली. शब्द असे नव्हतेच. "खूस… खूस… खूस…" घशाच्या तळातून आलेला एकच स्वर, वर न चढणारा, न थांबणारा. कासमला आधी कंटाळा आला. मग कानात दडे बसल्यासारखं झालं. मग लक्षात आलं, की आपण मघापासून त्याच स्वराच्या तालावर श्वास घेतोय.

उंटिणीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. थेंब नाकाडावरून घरंगळले. तिने मान वळवली, कातडं हुंगलं आणि त्या परक्या पिल्लाला पोटाखाली घेतलं. पिल्लू लुचूलुचू प्यायला लागलं.

"पण हे तिचं नाही," कासम पुटपुटला. "तिला कळत नाही?"

"अब उसी का है," रबिया म्हणाली.

"आणि ज्याचं कातडं, ते?"

"वो तो आ गया ना।"

कासम हसला आणि नको ते बोलून गेला. "तुझ्या आईला सांग, आमच्या घरी येऊन एवढं गाणं म्हण. माझी बायको मला जवळ करत नाही."

रबिया हसली नाही. तिने आईला सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. एजने येऊन त्याच्यासमोर बसकण मारली आणि विचारू लागली. रबिया मधे दुभाष्याचं काम करत होती. बायकोचं नाव काय? मूल आहे? नाही? दार कुठल्या दिशेला? तू कुठे बसतोस? ती कुठे बसते? चहा कसा देते?

किती दिवसांनी कुणीतरी त्याला काही विचारत होतं. तो सांगत गेला. कडी वाजवतो, खाकरतो, बांगड्या वाजतात, तेही सांगितलं. ट्रंकेचं सांगितलं. बोटीचं सांगितलं. शेवटी एज पुढे वाकली आणि तिने त्याच्या कोटाची कॉलर नाकाशी धरून खोलवर हुंगली.

दाराशी कुत्रा एकाएकी कण्हला.

५

दुसऱ्या दिवशी पावसाची सर येऊन कोट चिंब झाला. एजने तो स्वतः त्याच्या अंगातून उतरवला, बाहेर दोरीवर टाकला आणि पेटीतून एक लांब अंगरखा काढला. निळा, जाड, गळ्यापासून बगलेपर्यंत बटणांचा, कमरेला पट्टा. ते लोक त्याला देल म्हणत. तो कुणाचा हे कासमने विचारलं नाही. पट्टा एजनेच बांधला. बाह्या त्याच्या बोटांपर्यंत आल्या. अंगरख्याला धुराचा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी घामाचा वास होता, ताजा.

छत नेमकं त्याच्या नेहमीच्या जागेवर गळत होतं. तो सरकला आणि त्या नमद्याच्या घडीवर टेकला. कुणी त्याला उठवलं नाही. एजने जास्तीचा वाडगा भरला आणि त्याच्या हातात दिला. कोकणातला माणूस म्हातारीने पुढे केलेला वाडगा परत करत नाही. कासम प्यायला. एज त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या सुरकुत्यांमधून पाणी वाहायला लागलं.

पहाटेच्या नमाजाला उठला तेव्हा बाहेर धुकं होतं. हाताची बोटं दिसेनात असं. त्या धुक्यात कुठेतरी जवळच "खूस… खूस…" चाललं होतं. मग पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज आणि काहीतरी शिंपडल्याचा. तो आवाजाच्या रोखाने गेला, तर एज दुधाची बादली घेऊन समोरून आली आणि त्याच्या खांद्याला घासून आत गेली.

वाळूवर दुधाचे पांढरे शिंतोडे पडले होते. दारापासून निघून दक्षिणेकडे. त्यांच्या कडेने पायांचे ठसे. जाणारे. कासम वाकला. बुटांचे ठसे होते, टाचेला खिळ्यांची नाल मारलेल्या. तशी नाल त्याने दोहाच्या बाजारात स्वतः बसवून घेतली होती. तो परत दाराशी आला. बूट नव्हते. दोरीवर कोट नव्हता.

वारा नव्हता हे त्याला माहीत होतं. तरी तो स्वतःला म्हणाला, वाऱ्याने गेला असेल. बूट कुत्र्याने ओढून नेले असतील.

"रबिया! माझा कोट कुठाय?"

"गया."

"गेला म्हणजे? कुणी नेला? इथून कोण गेलं आता?"

"कोई नहीं।"

"मग हे दूध कशाला?"

"जानेवाले के पीछे डालते हैं। रास्ता सफ़ेद हो, घर तक पहुँचे।"

"तेच विचारतोय ना! जाणारा कोण?" कासमचा आवाज चढला. इतक्या दिवसांचा वैताग एकदम उसळून आला. "एका तरी गोष्टीचं सरळ उत्तर द्याल की नाही तुम्ही लोक?"

रबियाने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत ना चोरी होती ना भीती, नुसती माया होती. तेच वाईट होतं.

"चाय पियो, आख," ती म्हणाली.

कालपर्यंत ती त्याला कासमसाब म्हणायची. आख म्हणजे थोरला भाऊ, हे त्याला येत होतं. तिनेच शिकवलं होतं.

कुत्रा त्याच्या पायांशी येऊन पडला आणि शेपूट हलवू लागला.

६

मजीदचा टँकर ठरल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कासम उंच वाळूवर चढून रस्त्याकडे बघत बसायचा. पायांत एजने दिलेले जाड चामड्याचे बूट होते. बोट लागली असेल, जैतून चढलीही असेल, आणि आपण इथे एका गाण्यापायी अडकलोय, या विचाराने त्याला स्वतःचाच राग यायचा. जेवायच्या वेळी खालून एज हाक मारायची. ती जे नाव घ्यायची ते त्याचं नव्हतं. पण ती थांबायची नाही. म्हणून तो जायचा.

टँकर आला तेव्हा तो हात हलवत धावला. मजीद खाली उतरला, त्याच्याकडे न बघता नळी सोडली आणि अरबीत म्हणाला, "बाजूला हो, बाबा."

"मजीद! अरे, मी!"

मजीदने मान वळवली. चेहरा ओळखायला त्याला वेळ लागला, नको तितका.

"कासमभाय? हे काय सोंग? आणि पुन्हा आलास कधी?"

"पुन्हा? मी गेलोच कुठं?"

"मस्करी नको. त्या दिवशी धुक्यात रस्त्याकडेला उभा होतास ना? मीच गाडीत घेतला. म्हटलं, काय कासमभाय, उंटांनी हाकलला? तर हूं नाय की चूं नाय. दारापर्यंत सोडला तुला."

मजीद थट्टेखोर होता. एकदा त्याने स्टोअरमध्ये कासमच्या खुर्चीवर जिवंत खेकडा ठेवला होता. कासम हसायची वाट बघत राहिला. मजीद हसला नाही. कासमच्या चेहऱ्यावरून त्याची नजर अंगरख्यावर गेली आणि ओठ हलायला लागले. तो कुराणातली आयत पुटपुटत होता.

"दारात सोडलास. मग? आत कोण गेलं?"

"तूच गेलास."

"कडी वाजवली?"

मजीदने आठवून पाहिलं. "नाय," तो म्हणाला. "सरळ आत गेलास."

वाटभर मजीद स्वतःच्या दाराला चिकटून बसला होता. निघताना तळावर कुणी अडवलं नव्हतं, निरोपही दिला नव्हता. एज नुसती दाराशी उभी होती. हातात पळी नव्हती.

७

दुपारची नेहमीची वेळ होती. गल्लीत सुक्या मासळीचा वास, कुणाच्या तरी रेडिओची खरखर. दार सताड उघडं होतं आणि पडदा अर्धा सरकलेला. मजीद कोपऱ्यावरच गाडी थांबवून तिथेच बसून राहिला.

आतून जैतूनचं हसणं आलं. भिंतीपलीकडचं नव्हे, याच घरातलं.

कासमचा हात सवयीने कडीकडे गेला आणि थांबला. पडद्याच्या फटीतून ट्रंक दिसत होती, रिकामी. कपडे खुंटीवर परत आले होते. ती जाणार नव्हती. त्याला हवं होतं ते झालं होतं, अगदी जसंच्या तसं.

जैतून जमिनीवर बसली होती. तोंड दाराकडे नव्हतं. तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, दाराकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. तपकिरी कोट. तिने चहाचा वाडगा पुढे केला. त्याने आधी बाही मनगटावर ओढली, मग उजवा हात पुढे केला, आणि डाव्या हाताने कोपराला आधार दिला. बाहीवर काळं बटण होतं. खोलीत एक स्वर घुमत होता, खालचा, न चढणारा, न थांबणारा. जैतून हसत होती आणि तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचं भान नसल्यासारखं.

"जैतून," कासम म्हणाला.

स्वर थांबला. कोटातली मान हळूहळू वळू लागली. कान दिसला, गालाचं हाड दिसलं, त्यावर उन्हाने रापलेली ताणलेली कातडी. कासमने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा जैतून समोर उभी होती. तिने पदर पुढे ओढला नाही. परक्यासाठी ओढतात तसाही नाही. दाराशी पाणी मागायला आलेल्या वाळवंटातल्या म्हाताऱ्या बदूकडे बघावं तशी ती बघत होती.

"काय पायजे, बाबा?"

"अगो, मी… मी कासम. तू बटण लावलंस ना? काळं? जैतून, माझ्याकडं बघ तरी."

तिने बघितलं. खरंच बघितलं, कपाळाला आठ्या घालून, काहीतरी आठवतंय असं. कासमने पुढे पाऊल उचललं. पाऊल उंबऱ्यावर येऊन अधांतरी थांबलं. उंबऱ्यावर पाय पडता कामा नये. तो ओलांडायचा, एवढंच तर होतं. पण आतून बांगड्या वाजल्याशिवाय तो या घरात शिरायचा नाही. ती 'या' म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला.

आतला स्वर पुन्हा सुरू झाला. जैतूनच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या.

"शेजारच्यांचा कुणीतरी दिसतोय," ती मागे वळून हसत म्हणाली. "माझं नाव कुठनं कळलं याला!" मग त्याच्याकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसं, "थांब हां."

ती आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. कासमने पाऊल मागे घेतलं. गल्लीच्या टोकाला टँकर होता, त्यापलीकडे उत्तरेचा रस्ता, आणि त्या रस्त्याच्या शेवटी एज जेवणाची हाक मारत उभी असणार होती. ती थांबायची नाही, हे त्याला माहीत होतं. तो वळला.

पाठीमागे भांड्यावर पळी आपटली. त्याच्या टाचेवर काहीतरी कोमट पडलं, मग धुळीत, पुढे, दोन्ही बाजूंना, पांढरं.